चौदा पानी करार

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. २०२५ च्या एप्रिल ते सप्टेंबर आम्ही दोघं धाकट्याकडे अमेरिकेत होतो. टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. नातवंडांचे आणि बागेचे फोटो नातेवाइकांनी पाहिलेच आहेत. ही हकीकत मात्र कुणाला सांगितली नव्हती. आता धाकट्याला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिहा बाबा, नावं तेवढी टाळा." टाळतो.

तर झालं असं. जाऊन आठवडा झाला असेल. बाथरूमच्या कपाटात टॉवेल शोधताना लाल प्लास्टिकचा एक डबा हाताला लागला. आत वापरलेल्या सुया. आधी वाटलं, याला मधुमेह झाला आणि आपल्याला सांगितलं नाही. मग नको ते विचार मनात आले. छत्तीस वर्षं शाळेत काढल्यावर मुलांच्या दप्तरात काय काय सापडू शकतं ते माणसाला कळलेलं असतं. फक्त आपल्या मुलाचं दप्तर तपासायची वेळ येईल असं वाटत नाही.

रात्री विचारलं. "व्हिटॅमिनचं इंजेक्शन आहे बाबा," म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. माझ्याकडे न बघता. मी विषय सोडला, पण झोप लागली नाही. एक तर डोक्यात ते, आणि दुसरं म्हणजे भिंतीपलीकडून त्याचं घोरणं. तिथली घरं लाकडी, भिंती म्हणजे नावाला. या घोरण्याचं पुढे येईलच.

टपाल आणणं हे माझं तिथलं एकमेव अधिकृत काम. मे महिन्यात एक पाकीट आणून टेबलावर ठेवलं, ते सूनबाईने उघडलं. कुठल्याशा फायनान्स कंपनीचं पत्र होतं. महिन्याला ३०० डॉलर. "हे कसले?" तिने विचारलं. तिलाही माहीत नव्हतं!

त्या रात्री मुलं झोपल्यावर सगळं बाहेर आलं. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनचा दवाखाना. एका बाजूला पिझ्झाचं दुकान, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं, मधे हा. थकवा येतो का, पोट सुटलंय का, पूर्वीसारखे राहिला नाहीत का, असली जाहिरात. धाकटा तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. त्याच्या कंपनीत दोनदा नोकरकपात होऊन गेलेली. मीटिंगमध्ये डुलक्या लागत होत्या, मुलांवर ओरडत होता. जानेवारीत एक दिवस कामावरून परस्पर तिथे गेला. दुपारी साडेचारला रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन निघालं २९०. प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मलची मर्यादा २६४ ते ९१६ अशी छापलेली होती, म्हणजे तो मर्यादेच्या आतच. पण पांढरा कोट घातलेल्या गृहस्थाने सांगितलं, "तुमच्या वयाला ७०० तरी हवं." अठरा महिन्यांचं पॅकेज, ५,४०० डॉलर. टॅब्लेटवर बोटाने सही केली आणि पहिलं इंजेक्शन तिथेच घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?" सूनबाई एवढंच म्हणाली. तो गप्प. मग उठून मुलांच्या खोलीत जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच फिरायला निघालो तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती तोवर हिलाही माहीत नव्हती (आता हे वाचून कळेल). १९९४ साली मी त्रेचाळीसचा होतो. तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर जडीबुटीवाल्याचा तंबू लागायचा. दहावीचे पेपर तपासून, शिकवण्या करून जीव मेटाकुटीला आलेला. अंधार पडल्यावर, कुणी विद्यार्थी बघत नाही ना याची खात्री करून मी तंबूत शिरलो आणि चाळीस रुपयांची शक्तीची बाटली घेतली. शिलाजित म्हणाला होता. घरी आणून पुस्तकांच्या मागे लपवली.

धाकटा फुटपाथवर थांबला. "म्हणजे ती काळ्या मधाची बाटली?"

"तुला काय माहीत?"

"मी चाटून बघितली होती. घाण होती."

हसलो दोघंही. घरी पोचल्यावर त्याने स्वतःहून करार छापून माझ्या हातात दिला. चौदा पानं.

मी मराठी माध्यमातला बी.ए. माझं इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन चालणारं. पण याचा एक फायदा असतो. ज्याला भाषा सफाईने येते तो वरवर वाचत पुढे जातो. मला प्रत्येक शब्दापाशी थांबावंच लागतं. तीन दिवस पेन्सिल घेऊन बसलो. "बाबा, ते कुणी वाचत नाही," धाकटा म्हणाला. म्हटलं, लिहिणाऱ्याने तरी वाचलं असेल ना?

उपचार थांबवला तरी हप्ते चालू राहणार. मधेच सोडायचं तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे दंड. अठरा महिने संपले की आपोआप आणखी बारा, नको असेल तर साठ दिवस आधी लेखी कळवायचं. भांडण झालं तर कोर्टाऐवजी लवाद. वाचता वाचता माझी पेन्सिल दोनदा मोडली.

पण अकराव्या पानावर, परिशिष्टात, एक निराळी गोष्ट होती. इतका वेळ सगळी बंधनं रुग्णावर. इथे एकच कलम दवाखान्यावर होतं. दर नव्वद दिवसांनी रक्ततपासणी करू आणि डॉक्टरांची भेट घडवू. मी विचारलं, "झाली का?" जानेवारीनंतर त्याचं रक्त कुणीही तपासलं नव्हतं. इंजेक्शनं टपालाने येत होती, डॉक्टर एकदाही भेटला नव्हता. हप्ता मात्र वेळेवर कापला जात होता.

म्हणून जूनमध्ये तो आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे गेला. मीही गेलो. या बाई मूळच्या केरळच्या, वयाने धाकट्याएवढ्याच. रक्त तपासलं तर हिमॅटोक्रिट ५५. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण. या औषधाने ते वाढतं, रक्त दाट होतं, आणि ५४ च्या वर गेलं की औषध थांबवायचं हा नियम. त्यांनी त्याच दिवशी थांबवलं. दवाखान्याला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, रक्तदान करून टाका!

बाईंनी शांतपणे समजावलं. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दिवसभरात उतरतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं असतं. साडेचारच्या एका आकड्यावर आयुष्यभराचं औषध सुरू करत नाहीत. बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वीर्यनिर्मितीही घटते. धाकट्याला दोन मुलं आहेत, त्यामुळे तो घोर नव्हता. पण त्या दवाखान्यात पंचविशीतली पोरंही बसलेली असतात म्हणे. त्यांना कोण सांगतं कोण जाणे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर आमच्या नात्यातले काही जण लगेच ऍलोपॅथीवर घसरतील. औषध वाईट नाही. पिट्युटरी ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या, किंवा ज्यांच्या शरीरात ते खरंच बनत नाही त्यांना ते लागतंच. २०२३ साली पाच हजारांवर पुरुषांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात औषध घेणाऱ्यांत जास्त दिसले नाहीत, फुप्फुसात गुठळी होण्याचं आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. मोहही जुनाच. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्यासारखं वाटतंय असं भर सभेत सांगितलं. वय वर्षं बहात्तर. मला हा गृहस्थ का कोण जाणे, आवडतो. निदान त्याने टोचून तरी स्वतःला घेतलं.

निघताना बाईंनी विचारलं, झोप कशी आहे? धाकटा "ठीक" म्हणाला. मी आजवर मुलाच्या मोठेपणी त्याच्या डॉक्टरसमोर तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी उघडलं. हा घोरतो, मधेच घोरणं थांबतं, मी पलीकडे आकडे मोजत पडतो, कधी दहा, कधी वीस, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास घेतो. धाकट्याला भाषांतर करावं लागलं नाही. बाईंना माझं मोडकं इंग्रजी कळलं. घरी बोटाला लावायचं यंत्र दिलं. रिपोर्ट आला. तासाला चौतीस वेळा श्वास अडत होता. तीसच्या वर गेलं की तीव्र समजतात. थकवा, डुलक्या, चिडचिड यामुळेच असणार. अशा माणसाला ते इंजेक्शन सुरू करू नये असं डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. त्याच्या झोपेबद्दल त्या दवाखान्यात कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

दवाखाना मात्र ढिम्म. उरलेले ३,६००, त्याचे निम्मे १,८०० भरा आणि मोकळे व्हा.

मग मी पत्र लिहायला बसलो. फरकाची बिलं, पेन्शनची कागदपत्रं यांसाठी जिल्हा परिषदेला इतकी पत्रं लिहिली आहेत की हात बसलेला आहे. दिनांक, विषय, संदर्भ, मग मुद्दे. मराठीत लिहिलं, धाकट्याने इंग्रजी केलं. अकराव्या पानावरचं वचन, न झालेल्या तपासण्या, ५५ चा आकडा, डॉक्टरांचं पत्र जोडलं. तेवढ्यात कर्जाच्या कागदावर ठळक मोठ्या अक्षरांतला एक मजकूर दिसला. इतका ठळक की आम्ही तो जाहिरात समजून सोडला होता! त्याचा अर्थ असा की विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाची जी तक्रार चालते, ती कर्ज धारण करणाऱ्याविरुद्धही चालते. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे १९७६ पासून विक्रेत्यामार्फत दिलेल्या अशा कर्जांच्या करारात हे छापावंच लागतं. म्हणजे "आम्ही फक्त पैसे दिले, इंजेक्शनाशी आमचा संबंध नाही" असं फायनान्स कंपनीला म्हणता येत नाही. दोन पत्रं झाली. दोन्ही पोचपावतीसह टपालाने. (आपल्याकडचं रजिस्टर पोस्ट त्याच वर्षी स्पीड पोस्टात विलीन झालं. वाईट वाटलं.)

फायनान्सवाल्यांनी दहा दिवसांत हप्ते थांबवले. त्यानंतर दवाखान्याचा स्वर बदलला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. दिलेले सहा हप्ते गेले, वर ३०० भरायचे, बाकी माफ. एकूण २,१०० डॉलर. मला हे मान्य नव्हतं. माझं म्हणणं, एक सेंट द्यायचा नाही, राज्याच्या ऍटर्नी जनरलकडे जायचं. धाकटा म्हणाला, "बाबा, मला ते संपवायचंय." मी आवाज चढवला. सूनबाईने चेक लिहिला आणि पाकीट माझ्याच हातात दिलं, टपालात टाकायला. टाकलं. अजूनही मनातून गेलेलं नाही.

जुलै महिना त्याला फार जड गेला. इंजेक्शन बंद झालं तरी शरीराचा आपला कारखाना लगेच चालू होत नाही. संध्याकाळी नुसता सोफ्यावर बसून राहायचा. सूनबाई शेजारी बसायची. बोलायचे की नाही माहीत नाही, आम्ही दोघं नातवंडांना घेऊन बागेत जायचो.

ऑगस्टच्या सुरुवातीला नाकाला लावायचं ते हवेचं यंत्र आलं. पहिले चार दिवस त्याने रात्रीतून काढून फेकलं. पाचव्या रात्री मला दोनच्या सुमाराला जाग आली. भिंतीपलीकडे काहीच आवाज नाही. मी मोजायला लागलो. वीस, तीस, चाळीस... छातीत धस्स झालं. उठलो, अनवाणी बाहेर आलो, त्यांच्या दाराला कान लावला. बारीक सू सू ऐकू येत होतं. दार किलकिलं झालं. सूनबाई उभी होती, तीही जागीच होती. "बाबा, झोपलेत ते," ती म्हणाली. "तुम्ही झोपा आता."