न मागितलेला सारा

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुसरबीड या गावी मी करसल्लागाराचा व्यवसाय करतो असे सांगितले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम कुतूहल आणि मग किंचित कीव उमटते. कारण ज्या गावाची सारी मदार सोयाबीन, कपाशी, तूर आणि हरभरा यांवर आहे, आणि ज्या उत्पन्नाला प्राप्तिकराच्या कायद्यानेच अभय दिले आहे, तेथे या मनुष्याचे दप्तर चालते तरी कसे, असा प्रश्न सुज्ञाला पडावा हे स्वाभाविकच आहे. पुष्कळ वर्षे ते अडते, किराणा दुकानदार, शिक्षक आणि कंत्राटदार यांच्यावर चालले. अलीकडे मात्र एक नवाच पक्षकार माझ्या पायरीशी येऊ लागला आहे: ज्याच्या नावावर जमीन नाही, दुकान नाही, नोकरी नाही, आणि तरीही ज्याच्या बँकेच्या खात्यात परदेशातून दरमहा रक्कम जमा होते, असा आंतरजालावर लिहिणारा आणि चित्रफिती करणारा तरुण.

अशांपैकी जो पहिला आला, त्याचा विषय शेती. वडिलांच्या वावरात उभा राहून तो बीजप्रक्रिया, तणांचा बंदोबस्त, बोंडअळीचे सापळे यांविषयी लिहीत आणि बोलत असे, आणि त्या मजकुरालगत झळकणाऱ्या जाहिरातींचा वाटा त्याला मिळत असे. वर्षाअखेरीस तो सहज म्हणून विचारायला आला. मी त्याच्या खात्याचा उतारा पुढे ओढून जमा मांडली, खर्च वजा केला, कर काढला आणि त्याखाली व्याजाचा आकडा लिहिला, तेव्हा त्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “काका, मागितलंच नाही कुणी, मग उशीर कसा झाला?”

त्या प्रश्नामागे या मुलखाची चार शतकांची स्मृती उभी होती. सिंदखेडचे लखुजीराव जाधव ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिचा कर्ता वजीर मलिक अंबर याने जमिनीचा कस पाहून साऱ्याची आकारणी बसवली. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेल्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, शेताशेताला नंबर पडला, प्रतवारी लागली आणि आकार ठरला. राजवटी बदलल्या, अंमलदारांच्या पगड्या बदलल्या, परंतु रीत तीच राहिली: मोजणारा सरकारचा, लिहिणारा पटवारी आणि तगादा लावणारा पाटील. रयतेने सारा भरून पावती घ्यावी, किंवा साल बुडाले तर सूट-तहकुबीचा अर्ज करावा. मागणी आल्याखेरीज देणे उत्पन्न होत नाही, हा समज अशा रीतीने आमच्या हाडीमाशी रुजला.

प्राप्तिकराची जात निराळी. १८५७ च्या उठावाने खंगलेली तिजोरी सावरण्यासाठी व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य जेम्स विल्सन याने १८६० साली हा कर हिंदुस्थानात आणला, तेव्हा त्यातून शेतीचे उत्पन्न सुटले नव्हते. ते सुटले १८८६ च्या कायद्याने, आणि १९६१ च्या कायद्यातही ती सूट अबाधित राहिली. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात या कराची ओळख पिढ्यान्‌पिढ्या झालीच नाही. पगारदाराचा कर त्याचा मालक हाती पगार पडण्यापूर्वीच कापून घेतो, म्हणून त्यालाही त्याची झळ लागली तरी जबाबदारी फारशी जाणवत नाही. राहिला तो स्वतंत्र व्यवसाय करणारा: आपल्या उत्पन्नाचा मोजणीदार तोच, पटवारी तोच आणि स्वतःच्या दारात उभा राहून स्वतःलाच तगादा लावणारा पाटीलही तोच.

“पण काका, वावरातच तर काढतो व्हिडिओ. मग ही शेतीचीच कमाई नाही का?” हा त्याचा दुसरा प्रश्न पहिल्याहून चतुर होता. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच, बंगालमधील राजा बिनयकुमार सहस राय यांच्या जंगलासंबंधीच्या दाव्यात, देऊन ठेवले आहे: नांगरणे, पेरणे, लावणे अशी मूळची मेहनत जमिनीवर झाली असेल, तरच उत्पन्न शेतीचे. पिकाची कमाई शेतीची, पिकाच्या चित्राची कमाई धंद्याची, असे मी त्याला सोप्या भाषेत सांगितले. शिवाय, स्वतःच्या नावे शेतीचे उत्पन्न पाच हजारांवर असेल, तर त्यावर कर न लागताही इतर उत्पन्नाच्या कराचा दर ठरवताना ते हिशोबात धरले जाते, ही १९७३ पासूनची मेख मी त्याच्या कानावर घातली.

मग निघाली पॉवर वीडरची गोष्ट. एका कंपनीने ते यंत्र त्याच्याकडे गुणदोष सांगण्यासाठी पाठविले होते आणि परत मागितले नव्हते. भेटीवर कसला कर, असे त्याला वाटत होते. परंतु धंद्याच्या ओघात मिळालेली वस्तू ही रोख रकमेइतकीच प्राप्ती होय. १ जुलै २०२२ पासून अशा लाभाचे मूल्य वर्षाला वीस हजारांवर गेले, की देणाऱ्याने त्यावर दहा टक्के कर कापला किंवा भरला गेल्याची खात्री करून घ्यावी असा नियम आहे. वस्तू वापरून परत केली तर ती प्राप्ती नव्हे, ठेवून घेतली तर प्राप्ती, असा खुलासाही त्याच वर्षीच्या परिपत्रकात आहे. यंत्र तोवर वडिलांच्या कपाशीतून तीनदा फिरले होते. ते जमेच्या बाजूस लिहावे लागले. दुसऱ्या बाजूस मी त्याचा कॅमेरा लिहिला, ज्यावर सालीना पंधरा टक्के घसारा मिळतो; संगणक लिहिला, ज्यावर चाळीस टक्के मिळतो; आणि इंटरनेटचे बिल लिहिले. ज्या वस्तूंना घरात “पोराचे नाद” म्हणत असत, त्यांना खतावणीत एकेक रकाना मिळालेला पाहून त्याचा चेहरा उजळला.

एवढे टिपण ठेवण्याचा ज्यांना कंटाळा, त्यांच्यासाठी कायद्याने नजरअंदाजाची वाट ठेवली आहे. आमच्याकडे पिकाची नजरअंदाज पैसेवारी काढतात, तसाच हा प्रकार: ठराविक व्यवसायांतील माणसाच्या जमेपैकी निम्मी रक्कम नफा धरावी आणि छोट्या धंदेवाल्याच्या बँकेमार्फत आलेल्या उलाढालीचे सहा टक्के. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की आम्ही टंचाईची मागणी करतो, आणि येथे सरकार व्यावसायिकाचे साल नेमके पन्नास पैशांचे गृहीत धरते, हा योगायोग मला नेहमीच मौजेचा वाटतो. मात्र आंतरजालावरील लेखन हा व्यवसाय की धंदा, याचा खल पुष्कळ दिवस चालला. अखेर २०२५ च्या विवरणपत्रांत समाजमाध्यमांवरील प्रभावकांना १६०२१ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. दलालीच्या स्वरूपाची कमाई मात्र सहा टक्क्यांच्या सवलतीत बसत नाही, हे विसरू नये.

उरला तो व्याजाचा प्रश्न. वर्षाचा देय कर दहा हजार किंवा अधिक होत असेल, तर तो वर्ष संपण्याची वाट न पाहता हप्त्यांनी भरावा लागतो: १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत सगळा; नजरअंदाजाची वाट धरणाऱ्याला एकट्या मार्चची मुदत पुरते. हप्ता चुकला की दरमहा एक टक्का व्याज. शेतकऱ्याच्या मुलाने या तारखा अशा लक्षात ठेवाव्यात: पेरणी, शेंगा भरणे, कापसाची वेचणी, हरभऱ्याची काढणी. आज नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो, त्यामुळे अशा तरुणांपैकी बहुतेकांना हप्त्यांची धास्ती उरलेली नाही. परंतु चार लाखांच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरणे चुकत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या अधिनियमात कलमांचे आकडे बदलले आहेत आणि मागील वर्ष, आकारणी वर्ष या जोडगोळीच्या जागी एकच करवर्ष आले आहे; स्वतःला मोजण्याचे काम मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले आहे.

हे सारे ऐकूनही त्याचा पहिला प्रश्न डोळ्यांत तसाच होता. म्हणून मी विचारले, “वडिलांच्या सातबाऱ्यावर पेरा कोण नोंदवतं?”

“मीच. मोबाईलवर, ई-पीक पाहणीत.”

“आणि पूर्वी?”

“तलाठी.” एवढे बोलून तो थांबला. २०२१ पासून बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि आपला पेरा आपणच सांगायचा. न सांगितला तर शेत पिकलेले असूनही कागदावर पडीक, आणि नुकसानभरपाईच्या वेळी हात चोळणे नशिबी. त्याने मुकाट्याने व्याजासह कर भरला.

पुढल्या वर्षी रोहिण्या सरल्या, मृगाचे ढग दाटले, गावात बियाण्याच्या पिशव्यांची धावपळ सुरू झाली, आणि ऐन घाईत पायाला ओल्या काळ्या मातीचे थर घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला. पंधरा तारखेला अजून पाच दिवस होते.

“काका,” तो म्हणाला, “यंदा अंदाज किती धरू?”