विषाणूचा सभंग श्लेष

मोडी लिपींत दोन शब्दांमध्यें मोकळी जागा सोडण्याची चाल नव्हती. एकदां शिरोरेघ ओढली कीं अक्षरें सलग चालत, आणि शब्द कोठें तोडावयाचा हें वाचणाऱ्याच्या शहाणपणावर सोंपविलेलें असे. घरचे जुने कागद घेऊन आम्ही अधूनमधून बसतों, तेव्हां लिहिणाऱ्यापेक्षां वाचणाऱ्यावरच भार किती मोठा, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आपल्या देहांतील मजकूरहि असाच सलग असतो. पेशींत प्रथिनें घडविणारा कारागीर म्हणजे रायबोसोम. त्याच्यापुढें आर्एन्ए नांवाची पट्टी येते. तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची, आणि ती तो तीनतीन अक्षरें घेऊन वाचतो. हा तिनाचा हिशेब फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं केंब्रिज येथें दाखवून दिला. दोन त्रिकांमध्यें स्वल्पविराम नाहीं. जेथून आरंभ झाला तेथून मोजीत जावयाचें. एक अक्षर मागेंपुढें झालें तर पुढील सारा मजकूर निरर्थक होतो. म्हणून रायबोसोम आपलें पाऊल सहसा चुकूं देत नाहीं.

कांहीं विषाणू नेमकें हेंच पाऊल चुकवितात. ‘नगरजतनवलय’ हीं अक्षरें घ्या. तीनतीन करून वाचलीं तर नगर, जतन, वलय असे शब्द होतात. परंतु ‘नगर’ झाल्यावर एक अक्षर मागें सरून ‘र’ पुन्हां वाचला, तर त्याच अक्षरांतून नगर, रजत, नवल असे शब्द निघतात. आमच्या अलंकारशास्त्रांत यालाच सभंग श्लेष म्हणतात.

कोंबड्यांना अर्बुद जडविणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूंत हा प्रकार टायलर जॅक्स व हॅरोल्ड व्हार्मस यांनीं १९८५ सालीं उघडकीस आणला. पुढें तो एच्आय्व्हींत व कोरोना-विषाणूंतहि आढळला. कोरोना-विषाणूच्या पट्टीवर यु यु यु ए ए ए सी अशी सात अक्षरांची एक निसरडी जागा असते. तिच्या किंचित् पुढें पट्टी स्वतःवरच दुमडून गांठ पडलेली असते. रायबोसोम त्या गांठीपाशीं अडखळतो, आणि कधींकधीं निसरड्या जागेवर एक अक्षर मागें घसरतो. घसरला नाहीं, तर लवकरच पूर्णविराम लागून काम थांबतें. घसरला, तर तो पूर्णविराम दोन त्रिकांत विभागला जाऊन लोपतो व लांबलचक प्रथिन तयार होतें. २०२० सालीं ज्या विषाणूनें घरोघरचीं दारें बंद केलीं, त्याला आपली नक्कल करणारें यंत्र या घसरणीवांचून मिळत नाहीं.

आम्हांला सर्वांत नवल वाटतें तें प्रमाणाचें. एच्आय्व्हींत ही घसरण शंभरांत सुमारें पांच वेळां होते. कवचाचीं प्रथिनें पुष्कळ हवींत, नक्कल करणारीं थोडीं पुरतात. हा शिधा इतका मोजका, कीं प्रमाण बिघडविल्यास विषाणूची बाधकशक्ति मंदावते. म्हणूनच औषध शोधणाऱ्यांची दृष्टि या गांठीवर खिळली आहे.

पण हिला केवळ शत्रूची लबाडी म्हणून हिणवितां येत नाहीं. आपल्याच देहांत पेग-१० नांवाचें एक जनुक आहे. तें विषाणूंशीं नातें सांगणाऱ्या एका पुरातन घटकापासून आलेलें, आणि त्याचें वाचनहि असेंच एक अक्षर मागें घसरून होतें. उंदरांत हें जनुक काढून टाकलें, तेव्हां वार नीट न घडल्यामुळें गर्भ जगले नाहींत. ज्या युक्तीनें रोग फैलावतो, तिच्याच आधारें वारेचेंहि काम चालतें. तेव्हां विषाणूची गांठ मोडूं पाहणाऱ्या वैद्यानें ही घरची घसरण न दुखविण्याची काळजी घेतली पाहिजे. श्लेषाचा एक अर्थ पुसतांना दुसरा पुसला जाऊं नये.