डाव्या पायाची बाहेरची कड

या मोसमात माझ्या उजव्या अंगठ्याची जाणीव गेली. मनगटात नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणतात. आयुष्यभर ग्राइंडरपुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत त्यात नवल काही नाही. पण स्केटला धार लावणाऱ्याचा अंगठा बधिर झाला म्हणजे काय झालं, हे धंद्यातल्या माणसालाच कळेल. दोन्ही कडा पातळीत आहेत की नाहीत हे चेकर लावून दिसतं. कडेला राहिलेली धातूची बारीक बर दिसत नाही, ती बोटालाच लागते.

आमची टीम कॅनडात, ऑन्टारिओच्या ज्युनियर हॉकी लीगमध्ये खेळते. मोसमाचे ५० सामने, सप्टेंबरात सुरुवात, मार्चमध्ये सदरलँड कपचे प्लेऑफ. मुलं १६ ते २० वर्षांची. एल्मायरा, लिस्टोवेल, सेंट मेरीज अशी लहान गावं बसने पालथी घालायची. स्ट्रॅटफर्डचं ॲलमन अरीना १९२४चं आहे. तिथे पेटी उघडून मशीन मांडताना मला दरवेळी भरून येतं. प्रत्येक गावचा बर्फ वेगळा. एखादा इतका कडक की खोल धारही वर तरंगते, तर प्लेऑफच्या सुमारास बाहेर ऊब वाढली की तीच धार रुतून बसते.

मी पिंपरीच्या टूलरूममध्ये हात बसवून इकडे आलो. तिथे मायक्रोमीटरने दिलेला निकाल शेवटचा असायचा. इथे निकाल खेळणारा मुलगा देतो, आणि कधीकधी दोन्ही निकाल जुळत नाहीत. वर्षभर मी त्यातच अडकलो आहे.

आमचा एक डिफेन्समन आहे, सतरा वर्षांचा. डावीकडे वळताना त्याच्या डाव्या पायाची बाहेरची कड सुटते. चेकर लावला तर पट्टी अगदी सरळ. पातं वाकलेलं नाही, होल्डरचे रिव्हेट घट्ट. जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या पात्यावर मी दोन्ही कडा तंतोतंत बसवतो आणि तो परत येऊन म्हणतो, सुटली. सुरुवातीला त्याने अर्ध्या इंचाऐवजी तीन अष्टमांशाचा हॉलो, म्हणजे दोन कडांमधली जास्त खोल खोबण, मागितला. दिला. चावा वाढला, पण तिसऱ्या पिरियडमध्ये त्याच्या मांड्या भरून आल्या. इतकी खोल धार प्रत्येक पावलाला वसुली करते. परत अर्ध्या इंचावर आणलं.

मग त्याला मोज्यांवर उभं केलं. डावा घोटा आत पडतो. म्हणजे पातं सरळ आहे आणि त्यावर उभा राहणारा मुलगा तिरका. आता मी पातळी कोणाची धरू, मशीनची की त्याची? बाहेरची कड जाणूनबुजून उंच ठेवणारे लोक आहेत. ते मला पटत नाही. वळण सुधारतं, पण सरळ जाताना पाय ओढत राहतो, आणि पुढे दुसऱ्या कुणी ती धार सरळ केली की पोराला स्वतःचाच पाय परका वाटतो.

माझ्या हाताखाली एक पंजाबी मुलगी शिकते आहे. टीव्हीवर पंजाबीतून 'हॉकी नाइट' बघत ती हा खेळ शिकली. मला अंकलजी म्हणते. तिचं म्हणणं पडलं, धार सोडा, बूट आणि होल्डर यांच्यामध्ये आतल्या बाजूला पातळ पाचर घाला. घातली. मुलगा खूश झाला. थोड्याच सामन्यांत तक्रार परत आली, फक्त आता कड वळणाच्या शेवटी सुटते. पाचर जाड करायची, होल्डर आत सरकवायचा, की घोट्याच्या व्यायामाने स्नायू तयार होईपर्यंत थांबायचं, यावर आमचं रोज वाजतं.

हल्ली पालक तळघरात खोक्यासारखं स्वयंचलित यंत्र ठेवतात. नीट मध्यावर लावलं तर ते पातळी चांगली देतं, हे मी मान्य करतो. सामना चालू असताना खटका ओढून अख्खं पातं बदलता येतं, तीही मोठी सोय आहे. माझा राग आहे तो घाईघाईने चाक दाबून पोलाद निळं करणाऱ्यांवर. टाच आणि चवडा गोल करून ते पात्याचा रॉकर, म्हणजे लांबीतली गोलाई, घालवतात आणि पोराच्या तोल सावरायच्या सवयीच मोडतात. अशी पाती माझ्याकडे येतात तेव्हा दोन मोसमांचं पोलाद आधीच गेलेलं असतं.

बर आता ती शिकाऊ मुलगीच तपासते. तिचा अंगठा चांगला आहे, माझा होता त्याहूनही कदाचित चांगला. संपूर्ण टीमचे स्केट मी तिच्या हवाली केले आहेत. एकच जोडी सोडून. त्या डिफेन्समनचे बूट मी तिला करू देत नाही. खरं सांगायचं तर यात त्याच्या घोट्याची काळजी थोडी आणि माझा अभिमान जास्त आहे. ती कड तिच्या हातून पक्की बसली, तर मला ते सोसणार नाही. शुक्रवारी स्ट्रॅटफर्डला सामना आहे. अर्धा मिलिमीटर जाड पाचर मी आजच कापून ठेवली आहे, आणि बर तपासायला तिला बोलवायचं की डाव्या अंगठ्यावर भागवायचं हे अजून ठरत नाही.