आभाळाची गाळणी

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहानंतर मृग नक्षत्र पूर्वेला वर येते आणि आमच्या तेल्हाऱ्याच्या घरात वादाला तोंड फुटते. वाद शेताच्या धुऱ्याचा नव्हे. रुपयाहून जराशा मोठ्या दोन काचांचा!

मृगातल्या बाणाखालचा तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. त्यातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा ठरावीक तांबडा प्रकाश देतो. पुतण्याची काच त्याभोवतीचा तीन नॅनोमीटरचा पट्टा आत सोडते, माझी सातचा. रस्त्यावरचे एलईडी दिवे सगळेच रंग उधळतात. त्यांचा उजेड माझ्या काचेतून दुपटीहून अधिक घुसतो, मेघाचा मात्र दोन्हींतून जवळजवळ सारखाच. तेव्हा गच्चीवरून काढलेल्या छायाचित्रात त्याचा मेघ अधिक उठून दिसतो, हे मान्य. पण रुंद तोंडाच्या भिंगामागे किरण तिरपे पडतात, काचेचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि तीनवालीतून नेमका हवा तोच प्रकाश निसटतो.

"काका, तुमची काच सोशीक आहे," पुतण्या म्हणतो. किंमतही सोशीक होती, बाबा!

कृत्तिकांभोवतीच्या निळसर धुळीचे काय? ती ताऱ्यांचाच उजेड परतवते. तिच्यापुढे दोन्ही काचा आंधळ्या. तिच्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी, काळोखात जावे लागते. पूर्वी तो काळोख आमच्या गच्चीवरच होता.

आमचा वाद ऐकून आई खालून ओरडते, "काच कायले पायजे? दिवेच इझवा ना बापा!"