लाइट धरणारा

वाईच्या एका स्टुडिओत तो कामाला लागला तेव्हा कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्याच्याकडे दुसरा फ्लॅश असे. मांडवात फोटोग्राफर समोर, आणि हा नवरानवरीच्या डाव्या अंगाला, हात वर करून उभा. फ्लॅशच्या बुडाशी वाटाण्याएवढा स्लेव्ह सेल. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चमकला की त्या उजेडानेच हाही उडायचा, वायर वगैरे काही नाही. फक्त सेलला माणसं ओळखता येत नसत. नवरीच्या मामाने खिशातला कॅमेरा काढून एक फोटो घेतला, की याच्या हातातला फ्लॅश इमानेइतबारे मामालाही साथ द्यायचा. मग ऐन अक्षता पडताना फ्लॅश रिकामा, आणि पुन्हा भरतानाची ती बारीक शिट्टी.

फ्लॅश होता व्हिव्हिटार २८३, कुणीतरी मुंबईच्या बोरा बाजारातून आणलेला. गाइड नंबर फुटांत १२०. या आकड्याला अंतराने भागायचं की १०० च्या फिल्मसाठी अ‍ॅपर्चर मिळतं: दहा फुटांवर १२, म्हणजे ११ च्या जरासं पुढे. अंतर दुप्पट झालं तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई. मालकाला हे सूत्र कागदावर मांडता आलं नसतं, पण त्याने एका सुतळीला चार, सहा आणि आठ फुटांवर गाठी मारून ठेवल्या होत्या. सुतळीचं एक टोक फ्लॅशला, दुसरं नवरीच्या खांद्यापाशी. गाठ मोजून अ‍ॅपर्चर लागायचं आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो धुऊन नीट यायचे.

त्या काळचे अल्बम आज कुणाच्याही घरी काढून बघावेत. चेहरे पिठासारखे पांढरे, मागे काळाकुट्ट अंधार, आणि भिंत जवळ असेल तर तिच्यावर माणसाची कडक सावली. लेन्सच्या डोक्यावरूनच उजेड फेकला की नाकाची, गालाची उठावदार बाजू सपाट होते. गिऱ्हाइकाला मात्र ते हवंच असे, कारण सावळी मुलगी त्यात ‘उजळ’ दिसायची. या एका हौसेपायी किती बायकांचे खरे चेहरे अल्बममधून पुसले गेले असतील! फ्लॅश तीन हात बाजूला नेला तरी सावळा रंग सावळाच राहतो आणि चकाकतोही. हे त्याने मांडवात हात वर धरून उभं असतानाच पाहिलं होतं. पण तेव्हा त्याचं मत कोण विचारणार?

पुढे स्वतःचा कॅमेरा आला, आणि एका पुस्तकात ओ. विन्स्टन लिंक भेटला. न्यूयॉर्कचा हा जाहिरात छायाचित्रकार १९५५ पासून नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपत होता. ती इंजिनं मोडीत निघायच्या आत त्याला ते उरकायचं होतं. सूर्य आपल्याला हवा तिथे हलवता येत नाही, म्हणून त्याने काम रात्रीवर नेलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावी १९५६ मध्ये काढलेल्या फोटोत मोटारीत बसून सिनेमा बघणारी माणसं आहेत आणि मागून धडधडत जाणारी मालगाडी. त्यासाठी चाळीसहून अधिक फ्लॅश बल्ब तारांनी जोडून एकाच क्षणी उडवले होते. बल्ब एकदाच जळणारे. गाडी पुढे गेली की सगळं मुसळ केरात. त्या झगमगाटात सिनेमाचा पडदा मात्र धुऊन निघाला, म्हणून पडद्यावरचं विमान लिंकने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून बसवलं. फोटोशॉपला नावं ठेवणाऱ्यांना तो हा किस्सा आवर्जून ऐकवतो.

आता तो लग्नाआधीची जोडपी घेऊन मेणवलीच्या घाटावर जातो. तिथे दुपारपासून गर्दी असते, पण त्याचं खरं काम सूर्य गेल्यावर. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश आपल्याकडे जेमतेम २२-२४ मिनिटांचा. लंडनला जूनमध्ये तो पाऊण तासाच्या पुढे जातो, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतला निवांतपणा कृष्णाकाठी चालत नाही.

मुलगी पायरीवर बसते. छत्रीतला फ्लॅश तिच्यापासून सहा फुटांवर, डोळ्यांच्या थोडा वर. आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ५.६, पॉवर १/१६, शटर १/६०. आभाळ विझत चाललं की तो फक्त शटर खाली आणतो: १/३०, मग १/१५. चेहऱ्यावरचा उजेड तसूभरही बदलत नाही, कारण फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी वेळात येऊन गेलेला असतो. शटर पुढे कितीही उघडं राहो, त्या जास्तीच्या वेळात आत येतं ते आभाळ आणि पाणी. एका फोटोत दोन उजेड, दोघांच्या चाव्या वेगळ्या.

तरी रंगाचं भांडण उरतंच. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा, म्हणजे भर दुपारच्या उन्हाचा, आणि दिवेलागणीला चेहऱ्यावर दुपार आली की फोटो खोटा वाटतो. म्हणून फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल. हे जेल महाग मिळायचं तेव्हा तो गणपतीच्या आराशीतला जिलेटीन कागद दुहेरी करून लावत असे. काम भागायचं, पण पाचपन्नास झोतांनंतर मध्यभागी सुरकुती पडायची. जेल लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर नेला, की चेहरा जागच्या जागी राहतो आणि मागचं आभाळ गडद निळं उतरतं. जोडपी ते निळं बघून विचारतात, “सर, कुठलं अ‍ॅप?”

जुन्या २८३ ला निवृत्ती मिळाली ती डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. त्यातल्या काही नगांच्या पायाशी दोनशेहून अधिक व्होल्ट असत, आणि नव्या कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळायची भीती. रेडिओ ट्रिगर आले, मामांचे कॅमेरे निष्प्रभ झाले. माणसाऐवजी स्टँडही आला. पण घाटावर, त्याहून पाचगणीच्या टेबललँडवर, वारा सुटला की छत्री लावलेला स्टँड आधी डुलतो आणि मग झोकात आडवा होतो. वाळूच्या पिशव्या लटकवल्या तरी तेच. शिवाय स्टँडला मुलीने मान वळवलेली कळत नाही. लाइट धरणाऱ्या पोराला कळते, आणि तो न सांगता अर्धं पाऊल सरकतो. हे अर्धं पाऊल विकत मिळत नाही.

लिंकचा एक फोटो त्याच्या स्टुडिओत लावलेला आहे: १९५६ चा, त्यात लिंक आणि त्याचा मदतनीस जॉर्ज थॉम आपल्या बल्बांच्या आणि तारांच्या पसाऱ्यात उभे आहेत. नव्या पोराला तो आधी थॉम कोणता ते ओळखायला लावतो. दरपत्रकातही ‘लाइट असिस्टंट’ ही ओळ तो वेगळी, रकमेसकट छापतो. भाव करताना नवऱ्या मुलाचे वडील नेमकी तीच ओळ पहिली खोडतात, आणि तो पेन मागून घेऊन ती पुन्हा लिहितो.