पडजिभेविना तोरणमाळ

नंदुरबारच्या स्टेशनावर पहाटे उतरलो, तेव्हा डब्यातल्या एकाही माणसाने माझ्याकडे रागाने पाहिले नाही. पूर्वी रात्रीच्या गाडीने गेलो की सहप्रवासी सकाळी असे बघत, जणू मी त्यांची ट्रंकच लांबवली आहे. इतका मी घोरत असे!

आणि घोरता घोरता श्वास अडके. झोपेत घशाची वाट मिटायची, मग मी दचकून हवा ओढायचा. २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा या विकाराचे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. माझे ऑपरेशन त्याआधीच झाले होते. १९८१ साली अमेरिकेत डॉ. शिरो फुजिता यांनी पुढे आणलेली ही तऱ्हा. टॉन्सिल काढायचे, पडजीभ छाटायची, मऊ टाळूची कड आखूड करायची. घोरणे थांबले. घरी पेढे वाटले.

पेढ्यावर पाणी प्यालो, ते नाकातून आले. गिळताना टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. माझा आता तिथवर पोचतच नाही. पुष्कळांचे हे काही दिवसांत सुधारते, माझे पुरते सुधारले नाही. घसा सदा कोरडा. 'बाबा' म्हणावे तर ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू येई. लग्नाला जायचे, अक्षता टाकायच्या आणि पंगतीआधी पाय काढायचा, असा माझा रिवाज झाला.

नंदुरबारच्या स्नेह्याचे आमंत्रण मी तीन वर्षे टाळले होते. "अहो, घशाच्या आड किती दिवस लपणार?" म्हणत सौ.ने तिकिटेच काढली.

आता या घशाने जावे कुठे, तर मिरचीच्या गावी! हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. नजर जाईल तिथवर लाल. बायका ओळीने बसून देठ खुडत होत्या. मी रस्त्यावरूनच, नाकाला उपरणे लावून पाहिले. तरी शिंका आल्याच. माणिक चौकात शिरीषकुमारांच्या स्मारकापाशी थांबलो. १९४२ च्या सप्टेंबरात घोषणा देत निघालेली ती पाच पोरे गोळीबारात पडली. तिथे मला माझ्या आवाजाची तक्रार सुचली नाही.

दुपारी पान वाढले. ताकाच्या पहिल्याच घोटाला जे व्हायचे ते झाले. मी रुमालात तोंड लपवले. स्नेह्याच्या आईने काही विचारले नाही. वाटी उचलली, चमचा आणून ठेवला. "सावकाश घे बाबा. घाई कोणाला आहे?" त्या चमच्याने मी अख्खी वाटी संपवली. घट्ट खिचडीही दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रकाशाला तापीचे दर्शन घेऊन, शहाद्यावरून तोरणमाळला चढलो. सातपुड्यातले हे गाव साडेतीन हजार फुटांहून उंच. यशवंत तलावावर संध्याकाळी थंडी उतरली. जेवण आटोपून मी माझे यंत्र लावले. हेही १९८१ चेच, ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांचे: मुखवट्यातून हवा सोडून घसा उघडा ठेवणारे. ऑपरेशन झालेल्याला हे कशाला? कारण वर्षाने झोपेची पुन्हा तपासणी केली, तेव्हा कळले की घोरणे गेले, श्वास अडकणे गेलेच नव्हते. पूर्वी आवाज थांबला की सौ. मला हलवी. आता आवाजच नाही, तर थांबलेला कळणार कसा? ते वर्षभर ती निर्धास्त झोपली होती, याचे तिला अजून वाईट वाटते. त्यात आखूड टाळूमुळे हवा तोंडावाटे निसटते, म्हणून हनुवटीला पट्टा. आरशात मी दाढदुखीचा रोगी दिसतो.

मध्यरात्री दिवे गेले. यंत्र बंद. मी जागा झालो आणि उठून बसायला लागलो, तर हिने मला कुशीवर वळवले, पाठीशी उशी लावली.

"झोपा. मी आहे."

अंधारात तिचा हात माझ्या बरगड्यांवर होता. मध्येच दोन-तीनदा तिने मला हलवल्याचे आठवते, बाकी काही नाही.

जाग आली तेव्हा उजाडले होते. ही बसल्या बसल्याच भिंतीला टेकून झोपली होती. चहा आला. मी तो दारातच घेतला, तिच्यावर शाल घातली, आणि ताठ बसून, चमच्याचमच्याने पीत, ती उठेपर्यंत तलाव बघत राहिलो.