रिसेट करण्याआधी

घरातले दिवे, पंखे, सेन्सर वायर न ओढता कंट्रोलरला जोडून देणे हा माझा व्यवसाय. या धंद्यात बरीच वर्षे माझे एक पक्के मत होते: एखादे उपकरण अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसू लागले की दोष त्या उपकरणाचाच. ते रिसेट करावे, कंट्रोलरमधून काढून पुन्हा जोडावे, तरीही ऐकले नाही तर बदलून टाकावे. आज माझे मत याच्या उलट आहे. असा बिघाड बहुतेक वेळा उपकरण आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत असतो. ती वाट न तपासता केलेले रिसेट बिघाड काढत नाही, झाकून ठेवते.

हे मत बदलायला वेळ लागला, कारण रिसेट केल्यावर काम सुरू होते. ते का सुरू होते, हे समजले तेव्हा माझा त्यावरचा विश्वास उडाला. झिगबीसारख्या बिनतारी पद्धतीत सेलवर चालणारा सेन्सर थेट कंट्रोलरशीच बोलतो असे नाही. कायम विजेवर असलेले एखादे उपकरण, म्हणजे स्मार्ट प्लग किंवा स्विचमागचे मॉड्यूल, तो धरून ठेवतो आणि त्याच्यामार्फत निरोप पाठवतो. बाकी बहुतेक वेळ तो झोपलेला असतो, म्हणून तर एवढासा सेल महिनोन्‌महिने पुरतो. रिसेट करून पुन्हा जोडला की तो नव्याने आजूबाजूला चाचपतो आणि त्या घडीला जो दुवा मिळेल तो पकडतो. काम सुरू होते, ग्राहक समाधानी होतो, आम्ही पुढच्या साइटवर जातो. आधीचा दुवा का तुटला हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याचा माग काढायला जी खूण होती, ती रिसेटने पुसलेली असते.

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये वयस्कर नवरा-बायको राहतात. रात्री उठल्यावर पॅसेजमधला दिवा आपोआप लागावा म्हणून तिथे भिंतीवर सेन्सर बसवला होता. काकांची तक्रार साधी होती: दिवसा चालतो, रात्री नाही. सेन्सर बदलला, तरी तेच. मग मी काकूंना विचारले, “झोपायच्या आधी तुम्ही काय काय करता?” त्यांनी क्रमाने सांगितले. गॅसचे बटण, दाराची कडी, मग टीव्ही, आणि शेवटी हॉलमधल्या बोर्डावरची सगळी बटणे बंद. त्याच बोर्डावर एक स्मार्ट प्लग होता आणि पॅसेजमधला सेन्सर त्यालाच धरून होता. काकू बटण बंद करत आणि वाट तिथेच तुटे. काही सेन्सर अशा वेळी लगेच दुसरा दुवा शोधतात, काही तासन्‌तास जुन्यालाच हाका मारत बसतात. हा दुसऱ्या जातीचा होता.

आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतःचे बटण असते. अमेरिकेत बहुतेक सॉकेट कायम चालू असतात, त्यामुळे प्लगमध्ये खोचलेले उपकरण रात्रंदिवस निरोप पुढे देत राहील हे तिथे गृहीत धरता येते. आपल्या घरात ते धरता येत नाही. पूर्वी मी अशा बोर्डांवर ‘हे बटण बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवत असे. आता ते मला पटत नाही. वापरात नसलेले बटण बंद करणे ही चांगली सवय आहे, वीज जपून वापरणाऱ्या पिढीने ती घराघरात रुजवली आहे. आम्ही बसवलेल्या यंत्रणेसाठी ती मोडायला सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. यंत्रणेनेच तिला सामावून घ्यायला हवे.

आणि तसे करता येते. ज्या बोर्डात प्लगपॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतेच. त्या बोर्डाच्या आत मॉड्यूल बसवून त्याला बटणाच्या अलीकडून थेट फेज दिली, की वरची सगळी बटणे बंद केली तरी ते जागे राहते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मात्र सहसा दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाहीत, हे घेतानाच पाहावे लागते. त्या फ्लॅटमध्ये हॉलच्या बोर्डात असे एक मॉड्यूल बसवले. काकू आजही रात्री सगळी बटणे बंद करतात.

वाट म्हणजे मधली हवाही. झिगबी आणि वायफाय दोन्ही 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. झिगबीचे चॅनल 11 ते 26, प्रत्येक जेमतेम 2 मेगाहर्ट्‌झ रुंद. वायफायचा एक चॅनल त्याच्या साधारण दहापट. राउटर वायफायच्या 1 नंबरवर असेल तर झिगबीचे 11 ते 14 त्याच्या छायेत येतात. राउटर 1 किंवा 6 वर कायम करून झिगबी 25 वर नेले, तर दोघांना आपापली जागा मिळते. राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर सोडला तर ही मांडणी कधीही विस्कटू शकते. संध्याकाळी सगळी सोसायटी घरी परतली की निरोप अडखळू लागतात, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

यूएसबी 3 हेही असेच एक कारण. त्याच्या पोर्टमधून आणि केबलमधून 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने 2012 मध्येच प्रसिद्ध केले होते. कंट्रोलरचा झिगबी डोंगल अशा पोर्टला चिकटून असेल, तर घरभरची उपकरणे नादुरुस्त वाटू लागतात. यूएसबी 2 ची साधी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल मीटरभर दूर ठेवला, की न बदललेली उपकरणेही नीट बोलू लागतात.

झेड-वेव्ह या दुसऱ्या बिनतारी पद्धतीची गोष्ट थोडी वेगळी. भारतात ती 865.2 मेगाहर्ट्‌झवर चालते, अमेरिकेत 908.42 वर. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेले झेड-वेव्ह कुलूप इथल्या कंट्रोलरला सापडतच नाही. कुलूप धडधाकट असते आणि कंट्रोलरही. दोघांची वारंवारताच जुळत नाही. अशी वस्तू ‘बिघडलेली’ म्हणून कपाटात पडून राहते, याचे मला वाईट वाटते.

उपकरण कधी बिघडतच नाही, असे माझे म्हणणे नाही. बटण-सेल तर हमखास फसवतो: ॲपमध्ये भरपूर टक्के दिसतात, पण सेन्सर निरोप पाठवायला उठला की त्या क्षणाच्या ओढीने दाब कोसळतो. म्हणून सेल मी पहिल्यांदा बदलतो. पुढचा क्रम आता ठरलेला आहे. मधले कोणते उपकरण बंद होते ते पाहायचे, मग डोंगलची जागा, मग चॅनल, मग मध्ये येणारे लोखंडी कपाट किंवा काँक्रीटचा कॉलम. रिसेट सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी कंट्रोलरमधला जोडण्यांचा नकाशा व नोंदी उतरवून घेऊन.

या क्रमाला वेळ जास्त लागतो, आणि बिलात तो दाखवणे अवघड असते. तरीही माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलांना मी हाच क्रम घालून देतो. अंधारात उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवा लागेल असा शब्द आपण दिलेला असतो. तो पाळायचा तर आधी घरातल्या माणसांना विचारावे: नेमके कधी बंद पडते, आणि त्याआधी घरात काय घडते? ज्याला याचे उत्तर मिळाले, त्याची निम्मी दुरुस्ती पेचकसाला हात लावण्याआधीच झालेली असते.